मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि केमो: नागपुरात ओपीडीबाहेर विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलं की लक्षात येतं, खरे प्रश्न आत डॉक्टरांना कोणी विचारतच नाही. ते बाहेर, बाकड्यावर, शेजारच्या पेशंटला विचारले जातात. शेजारीण स्तनाच्या कॅन्सरची असते, तिची औषधं वेगळी, त्रास वेगळा. पण तिचं उत्तर खरं मानून माणूस संध्याकाळच्या गाडीने गोंदियाला परत जातो. खाली तेच बाकड्यावरचे प्रश्न आहेत, फक्त मोठं आतडं आणि गुदाशय यांच्या कॅन्सरपुरते. डोस, तारखा आणि इतर आजारांचा हिशेब तुमचे डॉक्टरच करतील. त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, एवढं इथून घेऊन जा.

शौचातून रक्त जातं. पण ते मूळव्याधीचं असेल ना?

असेलही. पण कोणी पाहिलं? आपल्याकडे मूळव्याध हे निदान बहुतेक वेळा पेशंट स्वतःच करतो, फार तर मेडिकल दुकानदार त्यावर शिक्कामोर्तब करतो. मग मलम, चूर्ण, बसस्टँडजवळच्या पाटीवरचा 'एका इंजेक्शनमध्ये आराम', आणि यात सहा-आठ महिने सहज निघून जातात. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे मूळव्याध सापडली म्हणजे शोध संपला असंही नाही.

रक्त शौचात मिसळून येत असेल, सोबत शेंबडासारखा चिकट स्राव असेल, कित्येक वर्षांची सवय अचानक बदलली असेल, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब होत असतील, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटत राहत असेल, वजन उतरत असेल, तर तपासणी टाळू नका. डॉक्टर बोट घालून तपासतात त्याला मिनिटभरही लागत नाही आणि गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ त्यात हाताला लागू शकते. लाजेपायी हीच तपासणी टाळली जाते. डॉक्टरांनी केली नाही तर तुम्ही म्हणा, 'एकदा तपासून घ्या.' वय कमी आहे म्हणून सूट नाही; तिशी-चाळिशीतले पेशंट आपल्याकडे दुर्मीळ राहिलेले नाहीत.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर बऱ्याचदा रक्त दाखवतही नाही. ती आतल्या आत झिरपते आणि माणूस फक्त पांढरा पडतो, जिना चढताना दम लागतो. विदर्भात सिकल सेल पुष्कळ असल्याने रक्त कमी म्हटलं की विचार तिकडे जातो, किंवा लोहाचं टॉनिक लिहून दिलं जातं. पन्नाशीच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया निघाला तर लोह देण्याबरोबर ते रक्त जातंय कुठे, हे शोधायलाच हवं. त्यासाठी कोलोनोस्कोपी लागते, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून पाहणं.

हा कॅन्सर एकाएकी होतो का?

नाही, आणि हीच यातली चांगली बातमी आहे. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी झडतात आणि नव्या येतात. इतक्या वेगाने नव्या पेशी बनताना जनुकांची नक्कल चुकण्याची शक्यताही तेवढीच जास्त. बहुतेक वेळा सुरुवात एपीसी नावाच्या जनुकात बिघाड होऊन होते. पेशींच्या वाढीवरचा हा लगाम सुटला की अस्तरावर एक लहानसा मोड उगवतो, त्याला पॉलिप म्हणतात. पुढे के-रास जनुकात बदल होतो आणि पॉलिप मोठा होतो. शेवटी टीपी-५३ सारखं, बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं जनुक निकामी झालं की ती गाठ अस्तर ओलांडून भिंतीत शिरते, आणि तिथून तिला कॅन्सर म्हणायचं. ही पायरी-पायरीची मांडणी अमेरिकेत फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये केली आणि ती आजही पायाभूत मानली जाते.

या सगळ्याला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. सगळे पॉलिप कॅन्सर होत नाहीत, पण बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप असतात. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर तारेच्या फासाने तो तिथल्या तिथे कापून काढता येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच विषय संपतो. एवढ्या संथ रोगाला आपण उशिरा गाठतो, याचं वाईट वाटतं.

दुसरी एक वाटही आहे. पेशीत जनुकांच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते. ती बंद पडली की चुका भराभर साचतात. असे कॅन्सर एकूण रुग्णांत साधारण १५ टक्के. रिपोर्टवर 'एमएसआय-हाय' किंवा 'डीएमएमआर' लिहिलेलं असेल तर ते हेच. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपचारात त्याला फार महत्त्व आहे.

भिंत ओलांडली की पेशी आधी जवळच्या लसिका गाठींत (लिम्फ नोड; या शरीरात मुळातच असतात) जातात. आतड्याचं रक्त थेट यकृताकडे वाहतं, म्हणून लांब पसरताना पहिला मुक्काम बहुधा यकृत असतो, नंतर फुफ्फुस.

सावजी खाऊन होतो का? आणि खर्रा?

तिखटाने हा कॅन्सर होतो याला पुरावा नाही. तर्रीने पोटात आग पडते, अ‍ॅसिडिटी होते, मूळव्याध असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चात्ताप होतो, तो भाग वेगळा. प्रश्न मसाल्याचा नसून मटणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक ठरवलं आणि लाल मांसाला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं. महिन्यातून दोनदा सावजीत बसणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. रोज मटण, भाजी-फळांना रजा, बैठं काम आणि सुटलेलं पोट असं सगळं एकत्र आलं तर धोका वाढतो. दारू आणि धूम्रपान यांनीही वाढतो. खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) मुख्यतः तोंडाचा कॅन्सर देतो. पण केमो चालू असताना खर्रा चघळणं म्हणजे आधीच सोललेल्या तोंडात चुना लावणं, तेव्हा तो सुटलाच पाहिजे.

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, डाळी, जवसाची चटणी हे आपलं जुनं ताट आतड्यासाठी चांगलंच होतं.

वडिलांना झाला. आम्हा भावंडांना होईल?

होईलच असं नाही, पण धोका इतरांपेक्षा जास्त. सर्वसाधारण नियम असा: वयाच्या चाळिशीत, किंवा वडिलांना ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. वडिलांना ४५ व्या वर्षी झाला असेल तर तुमची ३५ व्या वर्षी. घराण्यात आतडं, गर्भाशयाचं अस्तर, अंडाशय असे कॅन्सर लहान वयात झाले असतील तर 'लिंच सिंड्रोम'ची, म्हणजे पिढीजात जनुकदोषाची शक्यता असते, त्याची जनुकीय तपासणी होते. सरकारी कॅन्सर तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, आतडं नाही. त्यामुळे तुम्हाला बोलावणं येईल याची वाट पाहू नका.

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

पसरत नाही. कोलोनोस्कोपीत घेतलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि त्याशिवाय कोणीही जबाबदार डॉक्टर केमो सुरू करणार नाही.

ऑपरेशनमध्ये 'सगळं काढलं' म्हणाले. मग केमो कशाला?

हा प्रश्न आत विचाराच, कारण उत्तर तुमच्या रिपोर्टमध्ये आहे. काढलेल्या आतड्याचा अहवाल आठ-दहा दिवसांत येतो. त्यात गाठ भिंतीत किती खोल गेली आणि लसिका गाठींपैकी किती बाधित निघाल्या हे लिहिलेलं असतं. किमान १२ लसिका गाठी तपासल्या गेल्या पाहिजेत. आकडा कमी असेल तर 'बाधित शून्य' या निष्कर्षावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

गाठ भिंतीत कितीही खोल गेली तरी लसिका गाठी स्वच्छ, ही पहिली-दुसरी स्टेज. पहिलीत केमो लागत नाही. दुसरीत सरसकट नाही. आतडं फुटलं होतं, अडलं होतं, गाठ बाहेरच्या आवरणापर्यंत पोचली होती, अशा वेळी विचार होतो. दुसरी स्टेज आणि रिपोर्ट एमएसआय-हाय असेल तर नुसत्या फाइव्ह-एफयूचा (केमोतलं मुख्य औषध) फायदा दिसत नाही, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी.

लसिका गाठ बाधित असली की तिसरी स्टेज. म्हणजे पेशी प्रवासाला निघाल्या होत्या. सर्जनने दिसणारं सगळं काढलं हे खरंच आहे, पण सीटी स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी कुठेतरी असू शकतात. केमो त्यांच्यासाठी. ती ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. 'थोडी ताकद येऊ द्या, दिवाळीनंतर बघू' यात फायदा घटत जातो.

किती दिवस? पूर्वी सरसकट सहा महिने. २०१८ मध्ये सहा मोठ्या चाचण्यांचा एकत्र निष्कर्ष आला आणि तिसऱ्या स्टेजमधल्या कमी धोक्याच्या रुग्णांना कॅपॉक्सचे (गोळ्या आणि सलाइन मिळून दिली जाणारी केमो) तीन महिने जवळपास तेवढेच पुरतात असं दिसलं. तुम्ही कोणत्या गटात, हे विचारा. तीन महिने वाचले की नसांचा त्रासही (हात-पाय बधिर होणं) बराच वाचतो.

शेजारच्या काकांचं आधी ऑपरेशन झालं, आमच्या आईला आधी रेडिएशन देताहेत. असं का?

आईची गाठ गुदाशयात असेल. तिथे जागा अरुंद, आजूबाजूला मूत्राशय, गर्भाशय, नसा. म्हणून आधी रेडिएशन (आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात) आणि केमो देऊन गाठ आक्रसवतात, मग ऑपरेशन. रेडिएशन पाच दिवसांचं असू शकतं किंवा पाच-सहा आठवड्यांचं, सोबत कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या. काही जणांची गाठ यातच पूर्ण नाहीशी होते. अशांना ठरावीक मुदतीने काटेकोर तपासणीवर ठेवून ऑपरेशन टाळता येतं. पण मुदतीला न येणाऱ्याने हा मार्ग मागू नये.

शौचासाठी पोटावर पिशवी लागेल का?

सगळ्यांना नाही, आणि ज्यांना लागते त्यांतल्या बऱ्याच जणांची काही महिन्यांनी काढतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर कायमची लागते. ऑपरेशनआधीच स्टोमा नर्सला (पिशवीचं काम पाहणारी नर्स) भेटा आणि पिशवीची जागा उभं राहून, बसून, लुगड्याच्या किंवा पॅन्टच्या कमरेचा अंदाज घेऊन ठरवून घ्या. चुकीच्या जागी आलेली पिशवी रोज छळते.

केमोत नेमकं देतात काय?

मुख्य औषध फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, सगळे फाइव्ह-एफयू म्हणतात. १९५७ पासूनचं जुनं औषध. पेशीला डीएनए बनवायला थायमिडीन लागतं, ते बनवणारं एन्झाइम हे औषध अडवतं. ल्युकोव्होरिन सोबत दिलं की ही पकड आणखी घट्ट होते. कॅपेसिटाबिन म्हणजे त्याचंच गोळीचं रूप, शरीरात गेल्यावर त्याचं फाइव्ह-एफयू होतं. म्हणून 'गोळ्यांची केमो हलकी असते' हा समज चुकीचा आहे. दुसरं औषध ऑक्सालिप्लॅटिन. ते डीएनएच्या धाग्यांना जागोजागी गाठी मारतं, पेशीला दुभंगता येत नाही.

कॅपॉक्समध्ये २१ दिवसांचं एक चक्र: पहिल्या दिवशी ऑक्सालिप्लॅटिनची सलाइन, १४ दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या, मग सात दिवस सुट्टी. फॉलफॉक्समध्ये १४ दिवसांचं चक्र, आणि फाइव्ह-एफयू ४६ तास हळूहळू जातं, त्यासाठी छातीत कातडीखाली पोर्ट (औषध शिरेत सोडायची लहान डबी) बसवतात आणि औषधाची लहान बाटली लावून घरी पाठवतात. ती बाटली फुग्याच्या दाबाने चालते आणि उष्णतेने तिचा वेग वाढू शकतो. मे महिन्यात ती घेऊन दुचाकीवर भर उन्हात फिरू नका.

गोळ्या जेवल्यावर अर्ध्या तासात, पाण्यासोबत, दोन वेळांत साधारण १२ तासांचं अंतर. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

एक गोष्ट पहिल्या डोसआधी विचारा: 'डीपीडी तपासणी करायची का?' हे औषध मोडणारं डीपीडी एन्झाइम काही मोजक्या लोकांत जन्मतःच कमी असतं आणि त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर तेही सांगा, कॅपेसिटाबिनशी त्यांचं जमत नाही. आणि औषध चालू असताना छातीत दुखलं तर गोळी थांबवून तडक हॉस्पिटल.

यांना शुगर आहे, तरी केमोच्या दिवशी ग्लुकोजची बाटली लावली! चुकून तर नाही?

चुकून नाही. ऑक्सालिप्लॅटिन मिठाच्या सलाइनमध्ये टिकत नाही, त्यातल्या क्लोराइडमुळे बिघडतं. म्हणून ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात. त्यात साखर थोडी असते. जास्त साखर वाढवतं ते उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन. त्याने दोन-तीन दिवस आकडा ३०० च्या पुढे जाऊ शकतो. ग्लुकोमीटर जवळ ठेवा आणि इन्सुलिन किंवा गोळ्या वाढवायच्या का, हे त्याच दिवशी विचारून निघा.

एरवी दिवस असा जातो: सकाळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिनचा (किडनीची तपासणी) रिपोर्ट, वजन, मग डॉक्टरांची सही. पांढऱ्या पेशी कमी असतील तर केमो आठवडाभर पुढे ढकलतात. चंद्रपूरहून पहाटे निघालेल्याला ते जिव्हारी लागतं, म्हणून आदल्या दिवशी गावातच रक्त तपासून रिपोर्ट पाठवता येईल का ते विचारून ठेवा. मग उलटी-प्रतिबंधक इंजेक्शन, आणि दोन तास ऑक्सालिप्लॅटिन. हात खाजला, तळवे लाल झाले, घसा आवळला, तर नर्सला लगेच हाक मारा. ही अ‍ॅलर्जी पहिल्या डोसला न येता सहाव्या-सातव्यालाही येते, त्यामुळे 'आतापर्यंत काही झालं नाही' यावर विसंबू नका.

नागपूरचा उन्हाळा, ४५ अंश, आणि म्हणे थंड काही घ्यायचं नाही?

ऑक्सालिप्लॅटिनच्या पेशंटसाठी हा इथला सगळ्यात अवघड भाग आहे. या औषधाने नसा थंडीला विचित्र प्रतिसाद देतात. सलाइननंतरचे पाच-सात दिवस फ्रीजमधली दुधाची पातेली उचलली की बोटांत करंट लागल्यासारखं होतं. थंड पाण्याचा घोट घेतला की घसा आवळतो आणि श्वास अडकल्यासारखा वाटतो. बहुतेक वेळा कोमट पाण्याने, ऊबेने ते काही मिनिटांत जातं. खरोखर दम लागत असेल तर मात्र वाट पाहू नका.

म्हणून त्या दिवसांत बर्फ नाही, कुल्फी नाही, रसवंतीचा ऊस नाही (बर्फ आणि अस्वच्छता, दोन्ही). माठाचं पाणीही काहींना सोसत नाही, त्यात थोडं कोमट मिसळा. कूलर बंद करून खोलीत उकडून घेण्याची गरज नाही. त्याचा झोत तोंडावर आणि हातांवर येऊ देऊ नका, पलंग बाजूला घ्या. हॉस्पिटलच्या एसी हॉलमध्ये पायमोजे आणि दुपट्टा न्या. भर मे महिन्यात हातमोजे घालून फ्रीज उघडणारा माणूस दिसला तर घरच्यांनी हसू नये. डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात गाडी चालवणं टाळा.

थंडीचा हा त्रास ओसरतो. दुसरा त्रास मात्र साठत जातो: बोटं, तळवे बधिर होणं. सदऱ्याची गुंडी लावता येते का? सुईत दोरा ओवता येतो का? चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? हे डॉक्टरांना प्रत्येक वेळी, न विचारताही सांगा. लोक लपवतात, कारण 'सांगितलं तर केमो बंद करतील' ही भीती. बंद करत नाहीत; ऑक्सालिप्लॅटिन कमी करून किंवा थांबवून बाकीचं औषध चालू ठेवता येतं. लपवलेला बधिरपणा मात्र औषध संपल्यावरही काही महिने वाढू शकतो, आणि कधी कायमचा राहतो.

गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल झालेत, सोलताहेत.

कॅपेसिटाबिनचा हा ठरलेला त्रास. युरिया असलेलं मलम दिवसातून दोन-तीनदा लावा, सैल चप्पल घाला, गरम पाण्यात भांडी घासू नका, उन्हात अनवाणी गच्चीवर जाऊ नका. दुखून चालता येत नसेल किंवा भाकरी थापता येत नसेल तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. बहुधा काही दिवस थांबवून डोस कमी करतात.

रात्री-अपरात्री हॉस्पिटलला कधी पळायचं?

ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा त्यावर गेला की. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा ताप काही तासांत रक्तातला जंतुसंसर्ग होऊ शकतो. थर्मामीटर घरात हवाच; हाताच्या अंदाजावर जाऊ नका. हॉस्पिटलला पोचल्यावर पहिलं वाक्य 'केमो चालू आहे, अमुक तारखेला दिली' हे सांगा आणि फाइल दाखवा.

नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले तर कॅपेसिटाबिन तिथेच थांबवा आणि फोन करा. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं लोपेरामाइड घ्या, ओआरएस चालू करा. उन्हाळ्यात जुलाब आणि घाम मिळून शरीर इतकं कोरडं पडतं की किडनीवर ताण येतो, किडनी मंदावली की औषध शरीरात साठतं आणि जुलाब आणखी वाढतात. हे चक्र दोन दिवसांत आयसीयूपर्यंत नेऊ शकतं.

केस जातील?

या औषधांनी विरळ होतात, सहसा पूर्ण जात नाहीत. इरिनोटेकॅन हे दुसरं केमोचं औषध दिलं तर जास्त जातात. परत येतात.

काय खाऊ घालायचं? साखर बंद करायची का? काढा चालेल?

साखर बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही. पेशंट मात्र वाळतो. मऊ वरण-भात, अंडं, दही घरचं आणि ताजं, मुगाची खिचडी, जे जाईल ते थोडं थोडं. संत्रं चालतं, स्वच्छ धुऊन, घरी सोलून. तोंड आलं असेल तर झोंबेल, तेव्हा केळं, पपई. रस्त्यावर कापलेलं फळ, कच्ची कोशिंबीर, उघडी चटणी पांढऱ्या पेशी कमी असताना नको.

काढे, भस्म, कुणी आणून दिलेल्या पुड्या यांबद्दल: त्यात काय आहे हे डॉक्टरांनाही माहीत नसतं आणि देणाऱ्यालाही. यकृत बिघडलं तर केमो थांबते आणि दोष केमोला लागतो. घेत असाल तर रागावतील म्हणून लपवू नका, पुडी सोबत घेऊन जा. टॉनिकच्या गोळ्यांतलं जास्त मात्रेचं फॉलिक अ‍ॅसिडसुद्धा कॅपेसिटाबिनचा त्रास वाढवतं, इतकं साधं औषधही सांगायला हवं.

बाबांना कॅन्सर आहे हे आम्ही सांगितलेलं नाही. 'आतड्याला सूज आहे' म्हटलंय. बरोबर ना?

प्रेमापोटी करता, पण या आजारात ते धोक्याचं आहे. सुजेसाठी कोणी गोळ्या मोजून घेत नाही. जुलाब झाले तर बाबा म्हणतील, 'सूज उतरतेय, पोट साफ होतंय.' ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपतील. गोळ्यांची केमो घरी घेतली जाते आणि तिचा पहारेकरी पेशंट स्वतःच असतो. शिवाय ते केमोच्या हॉलमध्ये बसणार, भिंतीवरची पाटी वाचणार, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून न कळल्याचं सोंग करणार. एकाच घरात दोन्हीकडून नाटक चालू असलेली कुटुंबं या बाकड्यांवर पुष्कळ आहेत. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. डॉक्टरांना विनंती करा, ते बाबांना विचारतील की त्यांना किती ऐकायचं आहे.

चौथी स्टेज आहे. केमो देण्यात अर्थ आहे का?

बहुतेकदा आहे, आणि चौथ्या स्टेजचे सगळे पेशंट एका माळेचे मणी नसतात. यकृतात मोजक्या गाठी असतील तर केमोने आक्रसवून त्या ऑपरेशनने काढता येतात, आणि त्यांतले काही जण पूर्ण बरे होतात. म्हणून यकृताच्या सर्जनने स्कॅन पाहिल्याशिवाय 'काही उपयोग नाही' हे वाक्य मान्य करू नका. बाकीच्यांत केमो आयुष्य वाढवते आणि त्रास कमी करते, मुळासकट रोग काढेल असं वचन देत नाही.

इथे जनुकांचा रिपोर्ट लागतो. रास जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅब हे केमोसोबतचं नेमकं निशाण साधणारं औषध वाया जातं. नसेल आणि गाठ डाव्या बाजूची असेल तर उपयोगी पडतं. बेव्हासिझुमॅब गाठीचा रक्तपुरवठा तोडतं. एमएसआय-हाय असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी केमोपेक्षा सरस ठरली आहे, पण चौथ्या स्टेजमध्ये असे पेशंट शंभरात चार-पाच, आणि औषध महाग. २०२२ मध्ये 'कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे बरे' अशी बातमी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली. ती न्यू यॉर्कमधल्या याच प्रकारच्या गुदाशयाच्या १२ रुग्णांची होती. बातमी खरी होती, फक्त सगळ्यांसाठी नव्हती.

वय ३२, अजून मूल नाही.

केमो किंवा रेडिएशन सुरू होण्याआधी सांगा. पुरुषांचं वीर्य गोठवून ठेवायला एक-दोन दिवस पुरतात. स्त्रियांना जास्त वेळ लागतो, आणि ओटीपोटाच्या रेडिएशनने अंडाशयाचं काम थांबू शकतं. सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही.

मुंबईला टाटाला जावं का? इथे खर्च कसा भागवायचा?

दुसरं मत घ्यायला जरूर जा, पण फॉलफॉक्स-कॅपॉक्स तीच औषधं, तोच डोस नागपुरातही मिळतो. तुकडोजी चौकाजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स, आणि मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), हे सगळे पर्याय इथेच आहेत. दर १४ किंवा २१ दिवसांनी दादरला उतरून धर्मशाळा शोधणं पेशंटला केमोइतकंच थकवतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, केमोही त्यात येते. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड निघतं. शिधापत्रिका आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा मदतनीस) जा; पैसे भरून झाल्यावर योजना लावता येत नाही, आणि हीच धावपळ सगळ्यात जास्त दिसते. नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करा. कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं.

केमो संपली. आता?

पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईएची (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं एक प्रथिन) रक्तचाचणी, पाच वर्षं ठरावीक काळाने सीटी, आणि ऑपरेशननंतर वर्षभराने कोलोनोस्कोपी. सीईए थोडा वाढला म्हणून रात्रभर जागू नका. तंबाखूनेही तो वाढतो. पुन्हा तपासतात, मग ठरवतात.

आणि चाला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत केमो संपलेल्या आतड्याच्या रुग्णांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला; त्यांच्यात रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका २८ टक्के कमी निघाला. एखाद्या औषधाने एवढं केलं असतं तर त्याची किंमत लाखांत असती. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठाने झपझप पाऊण तास, आठवड्यातून चार-पाच दिवस. रमतगमत, फोनवर बोलत नाही.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या उरल्या आहेत. कुणा गरजूला देऊ का?

देऊ नका, डोस उंची-वजनावर ठरतो आणि त्याची किडनी तुम्हाला माहीत नाही. कचऱ्यात किंवा संडासातही टाकू नका. पाकीट बंद करून पुढच्या भेटीला हॉस्पिटलच्या फार्मसीत परत द्या.